इंडस्ट्रियल किचन करायचंय? आधी भिंतीच्या आत काय आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हडपसरजवळच्या नव्या टॉवरमध्ये दोन बीएचके फ्लॅट, स्वयंपाकघर ८ बाय १० फूट, लागून ड्राय बाल्कनी. नवरा-बायको दोघांनाही उघड्या विटांची भिंत, सिमेंटचा ओटा, काळ्या लोखंडी चौकटी, उघड्या फळ्या आणि लटकते दिवे असं इंडस्ट्रियल किचन हवंय. घरात दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो, आठवड्यातून एकदा तरी मासे. सासूबाईंचं म्हणणं, ‘गोडाऊनमध्ये राहायचंय का?’ खर्चाची मर्यादा पाच लाख. शिवाय एक अपेक्षा: फॉल्स सीलिंग नाही, शटर म्हणजे कपाटांची दारं कमी, प्लास्टरसुद्धा काढायचंय, म्हणजे स्वस्तात होईल ना?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर येऊन थांबतं. हे स्वस्तात होणार नाही. नेहमीच्या मॉड्युलर किचनमध्ये झाकायला भरपूर जागा असते. प्लंबरने पाइप तिरका नेला तर तो ट्रॉलीमागे जातो, वायरमनने भिंत जास्त फोडली तर वर टाइल बसते, गवंड्याचा कोपरा गुण्यात (काटकोनात) नसला तर सुतार पट्टी मारून वेळ निभावतो. इंडस्ट्रियलमध्ये ही सोय नाही. जे आहे ते दिसणार, म्हणून ते ओळंब्यात (सरळ उभ्या रेषेत) आणि गुण्यात हवं. असं काम करणारा कारागीर जास्त मजुरी मागतो आणि त्याने मागावीच. सामानात वाचलेला पैसा मजुरीत जातो. मॉड्युलरइतकाच खर्च धरून चाला, फक्त तो वेगळ्या लोकांच्या हातात जाईल.

ही शैली कुणी कागदावर आखून काढलेली नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकातल्या, ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या इमारती होत्या. त्यात छोटे कारखाने आणि गोदामं चालायची. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योग तिथून हलले, मजले रिकामे पडले आणि १९५० ते ७० च्या दरम्यान चित्रकार-शिल्पकार तिथे येऊन राहिले. खरं तर राहायला परवानगी नव्हतीच. ती १९७१ साली मिळाली, तीही फक्त कलाकार म्हणून दाखला असलेल्यांना. खिशात पैसे नसल्यामुळे त्यांनी विटा, पाइप, खांब जसे होते तसे ठेवले. पण उघडं ठेवण्यासारखं त्यांच्याकडे काहीतरी होतं! लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात झालेल्या हॉटेलांचंही तेच. तिथल्या जाड भिंती, छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, उंच छत हे सगळं गिरणीच्या गरजेतून आलेलं आहे. तुमचं छत साडेनऊ फुटांच्या आसपास असेल. हॉटेलात बघितलेलं काळं छत इथे केलंत तर ते डोक्यावर उतरल्यासारखं वाटेल. छत पांढरं किंवा फिकट राखाडीच ठेवा.

आता भिंत. तुमच्या प्लास्टरमागे विटा असतील हे गृहीत धरू नका. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुण्या-मुंबईत उभे राहिलेले बरेच टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेले आहेत. साइटवर त्याला सगळे मायवान म्हणतात. त्यात भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटचे असतात आणि इमारतीचा भार त्या भिंतीच घेतात. त्यांना छिन्नी लावायची नाही, वायरीसाठी खाचसुद्धा पाडायची नाही. सोसायटी परवानगी देत नाही आणि देऊही नये. दुसरी शक्यता म्हणजे आरसीसीचे खांब-तुळया आणि मध्ये एएसी, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक. हे ब्लॉक राखाडी-पांढरे, ठिसूळ आणि पाणी शोषणारे. उघडे ठेवण्यासारखं त्यांच्यात काही नाही. कळणार कसं? पुढे ओट्यामागे झाकली जाईल अशा जागी ६ मिमीचं एक भोक पाडा आणि भुकटी बघा. लाल आली तर वीट, पांढरी मऊ पिठासारखी आली तर एएसी, आणि ड्रिल कुंथायला लागून राखाडी भुकटी आली तर काँक्रीट. भोक पाडण्याआधी वायर आणि पाण्याची लाइन कुठून गेलीय ते बिल्डरच्या ड्रॉइंगवर नक्की करून घ्या.

काँक्रीट निघालं तर मला आनंदच होईल. विटांचा हट्ट सोडा. एका भिंतीवरची पुट्टी घासून काढली की खाली साच्याच्या पाट्यांच्या रेघा, मधली छोटी भोकं, थोडे डाग असं खरंखुरं काँक्रीट दिसतं. ते तुमच्या इमारतीचं स्वतःचं आहे. भिंतीची भुकटी सुटू न देणारं पारदर्शक मॅट सीलर मारलं की झालं. हे काम बाहेरच्या भिंतीवर करू नका, आतल्या भिंतीवर करा, म्हणजे पावसाळ्यात ओल येण्याची भानगड नको.

एएसी निघालं आणि विटा हव्याच असतील, तर खऱ्या भाजक्या विटांचे १५-२० मिमी जाडीचे काप मिळतात, ते लावा. विटांच्या चित्राचा वॉलपेपर किंवा फायबरची पाटी नको. पण हे काप शेगडीमागे कधीही लावायचे नाहीत. विटेला बारीक छिद्रं असतात. फोडणीचं तेल त्यात मुरतं, वर धूळ बसते आणि वर्षभरात त्या जागी एक चिकट तपकिरी पट्टा तयार होतो. तो घासून निघत नाही, सीलर मारलेलं असलं तरी नाही. विटांची भिंत जेवणाच्या टेबलाकडची ठेवा. शेगडीमागे स्टीलचा पत्रा किंवा ग्रॅनाइट, ओट्यापासून चिमणीपर्यंत सलग. विटांच्या दरजा, म्हणजे दोन विटांमधल्या फटी, खोल ठेवू नका, विटेच्या पातळीला भरून घ्या, नाहीतर दर दिवाळीला ब्रशने कोरत बसावं लागेल.

ओट्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याच जागी सगळ्यात जास्त घरं फसतात. सिमेंटचा ओटा फोटोत देखणा दिसतो. पण सिमेंट अल्कधर्मी असतं आणि आपल्या स्वयंपाकात आंबट गोष्टी किती! लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ, टोमॅटो, ताक. आंबट थेंब पाच-दहा मिनिटं राहिला की पृष्ठभाग खाल्ला जातो आणि खडबडीत फिका डाग पडतो. हळदीचा पिवळा डाग वेगळाच. सीलर हे टाळतं, पण रोज घासणी फिरणाऱ्या ओट्यावरचं सीलर झिजतं, ते पुन्हा पुन्हा मारावं लागतं. मायक्रोसिमेंट म्हणून जो दोन-तीन मिलिमीटरचा थर देतात, त्याचाही जीव वरच्या कोटिंगमध्येच असतो. गरम कुकर थेट ठेवला की कोटिंग उचललं जातं. ज्या घरात चहा आणि सँडविच होतं तिथे सिमेंटचा ओटा खुशाल करावा. तुमच्या घरात नाही.

मग कडप्पा? रंगाने तो अगदी चपखल, आणि आपल्या आज्यांच्या ओट्यांचा, मोरीचा, फळ्यांचा दगड. पण कडप्पा, कोटा, शहाबादी हे तिन्ही चुनखडीचे दगड. आंबटाने त्यांचीही चमक जाते. फळ्यांना आणि बाल्कनीतल्या धुण्याच्या जागेला कडप्पा जरूर वापरा. ओट्यासाठी माझी पसंती दोनच गोष्टींना: लेदर फिनिशचं (चकाकी नसलेलं, किंचित खडबडीत) काळं ग्रॅनाइट, किंवा स्टेनलेस स्टील.

स्टीलचा ओटा म्हटलं की लोक दचकतात, पण इंडस्ट्रियल किचन म्हणजे शेवटी हॉटेलाची भटारखाना-व्यवस्था घरात आणणंच की. मासे कापले, धुतले, पुसलं, वास शिल्लक नाही. हे काम मॉड्युलरवाल्याला देऊ नका. हॉटेलांसाठी टेबलं, सिंक, रॅक बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला द्या. भोसरी, चिंचवड भागात असे लोक भरपूर आहेत. सांगायचं ते नेमकं सांगा. ३०४ ग्रेड, १.२ मिमी पत्रा, ब्रश फिनिश. खाली वॉटरप्रूफ प्लाय चिकटवलेला, नाहीतर प्रत्येक भांडं ठेवताना पत्र्याचा आवाज येतो. मागची कड चार इंच वर वळवलेली, म्हणजे भिंतीशी दरजच नाही. सिंक त्याच पत्र्याला वेल्ड करून घासलेलं, वरून बसवलेलं नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. बाजारात त्याच्या नावावर २०२ हा हलका ग्रेड खपवला जातो. त्यात निकेल कमी, मँगेनीज जास्त, आणि सिंकच्या कोपऱ्यांत त्यावर तपकिरी ठिपके येतात. लोहचुंबक लावून बघण्याचा उपयोग नाही, दोन्ही पत्र्यांना तो चिकटत नाही. चांगल्या विक्रेत्याकडे थेंब टाकून तपासायचं रसायन असतं, ते समोर करून दाखवायला सांगा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

स्टीलवर चरे पडतील. पहिल्या महिन्यात प्रत्येक चरा टोचेल, सहा महिन्यांत सगळे मिळून एकसारखा मंद पोत येतो. ज्यांना हे सहन होणार नाही त्यांनी ग्रॅनाइट घ्यावं. आणि जे काही काळं मॅट आहे, विशेषतः नळ आणि सिंक, ते टाळा. हडपसरकडे बोअर आणि टँकरचं पाणी किती जड असतं हे तुमच्या बादल्यांकडे बघून कळेल. काळ्या नळावर त्याचे पांढरे डाग बसतात, आणि ते खरवडायला गेलं की वरचा रंगच जातो.

ओट्याची उंची दुकानदार ठरवतो ती घेऊ नका. जो जास्त वेळ स्वयंपाक करतो त्याने सरळ उभं राहून कोपर वाकवावं. कोपरापासून चारेक इंच खाली ओटा. बहुतेक मराठी घरांत तो ३२ ते ३४ इंचांत येतो. पुढून मागे रुंदी दोन फूट. सासूबाई बसून भाजी निवडत असतील तर एका टोकाला २८ इंचांचा तुकडा, खाली पाय घालायला रिकामी जागा. सध्या तरी गोडाऊन या शब्दावर माझं उत्तर एवढंच आहे.

ते ८ बाय १० लहान आहे म्हणून हिरमुसू नका. १९२६ साली फ्रँकफुर्टच्या सरकारी घरांसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्झ्की या वास्तुविशारद बाईंनी जे स्वयंपाकघर आखलं, ते साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं होतं, म्हणजे तुमच्यापेक्षाही लहान. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजतात तशा त्यांनी बाईच्या हालचाली मोजल्या, रेल्वेच्या डायनिंग कारचं किचन अभ्यासलं, पीठ-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे ओतता येणारे डबे ओट्यालगत बसवले. इंडस्ट्रियल किचन म्हणून मला दाखवायला सांगितलं तर मी विटांच्या भिंतीआधी हे दाखवेन. तुमच्याकडे फ्रिज, सिंक, शेगडी हा क्रम ठेवा, आणि सिंक-शेगडीच्या मध्ये निदान अडीच-तीन फूट मोकळा ओटा. चिरायला जागा तीच.

लोखंड. काळ्या चौकटींशिवाय तुमचं समाधान होणार नाही हे दिसतंय, तर तेही नीट करू. २५ बाय २५ मिमीचा चौकोनी पाइप, १६ गेज. सगळी कापाकापी, वेल्डिंग आणि भोकं आधी, त्यानंतर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची भुकटी फवारून भट्टीत भाजून बसवलेला लेप. हा क्रम फॅब्रिकेटर मोडतात. साइटवर आणून भोक पाडतात, तिथला लेप फुटतो आणि गंज त्या भोकातून सुरू होतो. पाइपची तोंडं वेल्ड करून बंद करा, नाहीतर आत ओल राहते, झुरळंही राहतात. चौकट एकसंध करण्याआधी कोटिंगवाल्याची भट्टी केवढी आणि तुमची लिफ्ट केवढी हे मोजून घ्या. दहा फुटी फ्रेम करून ती जिन्यात अडकलेली मी पाहिलीय. लोखंडाचा पाय फरशीवर टेकवायचा नाही. पोछ्याचं पाणी तिथेच साचतं. पायाखाली चार इंचांचा स्टीलचा तुकडा किंवा नायलॉनची टोपी द्या. हे सगळं पुण्याच्या हवेसाठी झालं. रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्यात समुद्रालगत घर असलेल्यांनी साधं लोखंड स्वयंपाकघरात आणूच नये. तिथे स्टील, आणि खिडकीबाहेर काही असेल तर खाऱ्या हवेत जास्त टिकणारा ३१६ ग्रेड.

उघड्या फळ्या किती? फोटोत दिसतात त्याच्या एक तृतीयांश. फळीवर फक्त तेच ठेवायचं जे रोज वापरून रोज धुतलं जातं: ताटं, वाट्या, पेले, चहा-साखरेचे डबे. रोजचं भांडं धुळीला आणि तेलाला वेळच देत नाही. सणावारी निघणारं सगळं बंद कपाटात, माळ्यावर. शेगडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट फळी नको. आपल्या घरांतली स्टीलची भिंतीवरची मांडणी आठवते? ताटांच्या खाचा, खाली कपांचे हुक, तळाला जाळी, पाणी सरळ सिंकमध्ये. लोकांनी ती जुनाट म्हणून भंगारात काढली आणि आता तेच रॅक आयात केलेलं म्हणून विकत घेतात. ३०४ मध्ये नवीन करून घ्या, सिंकच्या वर लावा. सासूबाईंना ती कुठे काय ठेवायची हे सांगावंही लागणार नाही. मात्र भिंत एएसीची असेल तर साध्या फास्टनरवर भरलेली मांडणी टिकत नाही. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा किंवा आरपार बोल्ट. खाली ट्रॉल्या राहू देत, त्यांना पर्याय नाही. शटरला राखाडी किंवा गडद हिरवं मॅट लॅमिनेट, कारकस म्हणजे कपाटाचा सांगाडा आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन) प्लायचा.

पाइपांबद्दल एक विनंती. शोभेसाठी रिकामे पाइप लावून त्यावर फळ्या टांगू नका. तुमच्याकडे एक खरा पाइप आधीच आहे: गॅसचा. पाइप गॅस असेल तर घरातली लाइन उघडीच ठेवावी लागते, ती भिंतीत किंवा कपाटात बुजवायची नाही. तिला लपवायला पेटी करू नका, तिच्यावर काही अडकवू नका, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचू द्या. दुसरा खरा पाइप म्हणजे चिमणीचा. लोक चिमणी महागडी घेतात आणि मागे ॲल्युमिनियमच्या घडीच्या नळीला तीन वळणं देतात, म्हणजे ओढ निम्मी वाया. सहा इंचांचा ताठ गोल डक्ट घ्या, स्टीलचा किंवा जीआयचा (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचा), एकाच वळणाने ड्राय बाल्कनीतून बाहेर, आणि तो उघडा दिसू द्या. इतकं इंडस्ट्रियल तुमच्या किचनमध्ये दुसरं काही नसेल. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर. चिमणीतले तेल अडवणारे धातूचे बॅफल फिल्टर डिशवॉशरमध्ये किंवा गरम पाण्याच्या बादलीत बसतील अशा मापाचे.

भिंतीत खाच पाडता येत नसेल तर नवी वायरिंग उघड्या जीआय कंड्युटमधून, म्हणजे वायरीसाठीच्या धातूच्या पाइपातून, करावी लागेल. ती या शैलीला शोभतेच, पण धातूच्या पाइपला अर्थिंग लागतं, हे लेखी मागा. ओव्हनला स्वतंत्र ४ चौमिमी वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की बंद होणारा स्विच), पूर्ण किचनला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच). पाइपांच्या रेघा आधी कागदावर काढा आणि भिंतीवर खडूने आखा. स्विचबोर्ड, फळी आणि पाइप एका रेषेत आले तर देखणं. ते चार-चार इंच चुकले तर मात्र सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल.

दिव्यांत फार वेळ घालवू नका. तार दिसणारे पिवळे बल्ब जेवणाच्या टेबलावर दोन ठीक. त्या उजेडात कोथिंबीर पिकली की ताजी ते कळत नाही, म्हणून ओट्यावर फळीखाली ४००० केल्विनची (पांढऱ्या उजेडाची), ९० सीआरआयची (रंग खरे दाखवणारी) एलईडी पट्टी लागतेच. लटकता दिवा शेगडीवर नको.

फरशी बिल्डरने दिलेली व्हिट्रिफाइड फिकट राखाडी असेल तर ती ठेवा. आयपीएस, म्हणजे जागेवर ओतून घोटलेली सिमेंटची फरशी, करायचं म्हटलं तर दीड-पावणेदोन इंच जाडी चढते, म्हणजे चौरस मीटरला शंभरएक किलो भार, दरवाजे खालून कापायचे आणि वर तडे रोखायला पट्ट्या. तळमजल्यावरच्या घरात मी आनंदाने करते. तुमच्याकडे पैसे दुसरीकडे लागतील.

ते दुसरीकडे म्हणजे लाकूड आणि तांबं. नुसतं स्टील, काँक्रीट आणि काळं लोखंड यांत आवाज घुमतो, आणि डोळ्यालाही कुठे विसावा मिळत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळतं. त्यातले वासे-तुळया कापून दोन फळ्या आणि जेवणाच्या टेबलाची वरची फळी करा. खिळे काढलेले असल्याची खात्री करा, नाहीतर सुताराचं पातं जाईल. शेगडीमागच्या स्टीलवर टांगायला कसब्यातल्या तांबट आळीतून मठारलेली एक-दोन भांडी आणा, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचा तो पोत राहतो. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरलात तर जुनी मापं, लोखंडी पुली, कारखान्यातले स्टूल मिळतील. एकच घ्या.

पैशांची वाटणी मी अशी करेन: पाचातले साधारण दीड लाख स्टीलचा ओटा-सिंक-मांडणी, दीड लाख खालच्या ट्रॉल्या आणि माळा, एक लाख इलेक्ट्रिक, प्लंबिंग, चिमणी आणि डक्ट, साठ हजार लोखंड आणि लाकूड, उरलेले हातात. भाव फिरत असतात, म्हणून आकड्यांपेक्षा प्रमाण धरा. क्रम मात्र बदलू नका: भोक पाडून भिंतीची तपासणी, सोसायटीची परवानगी, पाइप-वायरचं ड्रॉइंग, मग ओट्याची ऑर्डर. ओटा जागेवर बसल्यावरच ट्रॉल्यांची मापं घ्यायला सांगा. आधी घेतलेल्या मापात अर्धा इंच फरक येतो आणि झाकायला पट्टी लावायची सोय या किचनमध्ये नाही.